वाऱ्यानं धरलेलं पाणी

टीव्हीवर पॅसिफिक महासागराचा नकाशा पुन्हा तांबडा दाखवायला लागले आहेत. विषुववृत्ताला लागून, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुरू होणारा एक तांबडा पट्टा, जिभेसारखा पश्चिमेकडे निमुळता होत गेलेला. निवेदिका सांगते की यंदा एल निनोची शक्यता आहे, पावसावर परिणाम होऊ शकतो. मग पेरण्या, मग धरणं, मग जाहिरात. आमच्या घरात या नकाशावर कुणी काही बोलत नाही. माझी बायको शोभा गवार निवडता निवडता मान वर करते, पट्टा कुठवर आलाय ते बघते आणि पुन्हा शेंगांकडे वळते. आम्ही दोघं आयुष्यात फार तर दोनदा समुद्रावर गेलो असू. पण पॅसिफिकचं पाणी कुठून कुठे जातं, हे वारज्यातल्या या तिसऱ्या मजल्यावर आम्हांला नीट ठाऊक आहे. ते आमच्या सुनेनं शिकवलं.

प्रज्ञा तिचं नाव. शहरातल्या एका संशोधन संस्थेत ती समुद्राचे आकडे तपासायची. पाण्यात सोडलेली तरंगती यंत्रं, किनाऱ्यावरची पातळी मोजणारी उपकरणं, वरून फिरणारे उपग्रह, या सगळ्यांकडून रोज आकडे येतात. त्यांतले काही खोटे असतात. यंत्राला शेवाळ धरतं, कुठे बॅटरी उतरते, कुठे जाळ्यात अडकून यंत्र भलतीकडे जातं. असे आकडे ओळखून बाजूला काढायचे, हे तिचं काम. मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात. माझंही काम तेच, फक्त माझे नग लोखंडाचे. त्यामुळे आमचं जमायचं. संध्याकाळी चहाच्या वेळी ती विचारायची, "बाबा, आज किती रिजेक्ट?" मी आकडा सांगायचो आणि उलट विचारायचो, "आणि तुझ्या समुद्रात?"

मला आठवतो तो २०२३चा पावसाळा. तो पाऊस म्हणून आठवत नाही, कारण त्या ऑगस्टमध्ये पाऊस पडलाच नाही. देशातल्या आजवरच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. मला तो आठवतो तो एका परातीवरून.

रविवारची सकाळ होती. शोभानं कणकेसाठी परात काढली होती. मी पेपरात एल निनोबद्दल वाचत होतो आणि मला एक गोष्ट कळत नव्हती. वारा मंदावला की एकीकडे पाणी तापतं आणि दुसरीकडे समुद्राची पातळी उतरते, असं काहीसं छापलं होतं. मी म्हटलं, "हे उलट आहे. वारा थांबला की एकीकडचं पाणी तापेल हे समजलं. पण दुसरीकडे पातळी कशी उतरेल? पाणी काय पळतं?"

"पळतं," प्रज्ञा म्हणाली. उठली, परात जमिनीवर ठेवली, तीत बोटभर पाणी ओतलं आणि वर चिमूटभर हळद भुरभुरवली. टेबलफॅन आणून परातीच्या एका काठाशी लावला. हळद हलली, सरकत सरकत पलीकडच्या काठाला जाऊन साचली.

"पंख्याजवळचा काठ म्हणजे पेरू," ती म्हणाली.

"आता फळं काऊन आली मधात?" शोभा म्हणाली. शोभा अकोल्याकडची. तीस वर्षं पुण्यात काढूनही तिची बोली तसूभर हललेली नाही.

"देश आहे, आई. आणि पलीकडचा काठ म्हणजे इंडोनेशिया. वारा वर्षभर इकडून तिकडे वाहतो आणि वरचं गरम पाणी तिकडे ढकलत राहतो. त्यामुळे तिकडचा समुद्र नुसता गरमच नाही, उंचही असतो. साधारण अर्धा मीटर."

"समुद्राला उतार?" मी म्हटलं. "पाणी सपाट असतं. आम्ही पाणी भरलेली लेव्हल ट्यूब त्याच भरवशावर वापरतो."

"वारा नसेल तर, बाबा."

आणि तिनं पंखा बंद केला. हळद क्षणभर तशीच काठाशी थांबली. मग तिची कड सुटली, आणि ती हळूहळू, कुणी न ढकलता, परत पसरायला लागली. प्रज्ञा म्हणाली, "हा एल निनो. पाणी कुणी ओढून नेत नाही. जे त्याला धरून होतं ते सैल पडतं, इतकंच."

"झाला का तुमचा समुद्र?" शोभा म्हणाली. "बापलेक दोघं मिळून माझी परात अडकवून राहिले. मले कणीक भिजवायची आहे."

बापलेक. तो शब्द तिनं सहज टाकला आणि प्रज्ञानंही सहज उचलला. परात धुवायला ती मोरीकडे गेली. माझ्या मनात मात्र तो शब्द दिवसभर राहिला.

निखिल आमचा एकुलता एक मुलगा. २०२१च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत तो गेला. त्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. पुण्यात त्या दिवसांत खाट मिळवणं काय होतं, हे ज्यांनी मिळवली त्यांना माहीत आहे आणि ज्यांना मिळाली नाही त्यांनाही. आम्हांला मिळाली होती. त्याचं लग्न होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, आणि त्यातला बहुतेक काळ टाळेबंदीत गेला. प्रज्ञाच्या संसाराचा मोठा भाग याच तीन खोल्यांत, आमच्या डोळ्यांसमोर झाला. बाहेर कुठे जायचं नव्हतं, म्हणून ती दोघं गच्चीवर जाऊन पत्ते खेळायची. निखिल पत्त्यांत चोरी करायचा आणि ती त्याला करू द्यायची. हे मला तिनंच नंतर सांगितलं.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी तिचे वडील नांदेडहून तिला न्यायला आले. निवृत्त शिक्षक, मितभाषी माणूस. बैठकीच्या खोलीत त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "चल बेटा." प्रज्ञानं त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला. म्हणाली, "अण्णा, माझं घर इथंच आहे." ते माझ्याकडे पाहत राहिले. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला सुख म्हणायची लाज वाटते, पण दुसरा शब्द मिळत नाही.

ती राहिली. सकाळी डबा घेऊन स्कूटरवर जायची, संध्याकाळी भाजी घेऊन यायची. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून शोभाबरोबर विहारात जायची. आणि स्वयंपाकघरात त्या दोघी निखिलबद्दल बोलायच्या. त्याला भात मोकळा लागायचा, तो अंघोळीला गेला की पाऊण तास बाहेर यायचा नाही, त्याला लहानपणी पालीची भीती वाटायची. शोभा सांगायची ते प्रज्ञाला ठाऊक नसायचं आणि प्रज्ञा सांगायची ते शोभाला. दोघींनी मिळून तो जवळपास पुरा करत आणला होता. मी बाहेर पेपर घेऊन बसायचो आणि पान उलटायचो नाही, कारण कागदाचा आवाज झाला की त्या थांबायच्या.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. आमच्याकडे ते काही नसतं, पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे दोन्ही जावई येऊन गेले. मग काकू ताटलीवर रुमाल झाकून वर आल्या. "जावयांना तीस-तीन दिले. उरलेले आणलेत. अनारशांना शिळेपण नसतं, तेव्हा तोंड वाकडं करू नका." बसल्या, पाणी प्यायल्या, आणि प्रज्ञा आतल्या खोलीत आहे हे पाहून आवाज जरा उतरवून म्हणाल्या, "तुमची सून अजून आहे. नाही, म्हणजे चांगलंच आहे. हल्लीच्या मुली नवरा असताना सासूजवळ राहत नाहीत." शोभा म्हणाली, "सून नाही, लेक आहे माझी." काकू म्हणाल्या, "तेच म्हणते मी. लेकी तर जातातच."

काकूंचं बोलणं तिखट असतं, पण खोटं क्वचितच. मला ते अनारसे गोड लागले नाहीत.

अधिक महिना निम्मा सरला, ऑगस्ट लागला, पण पाऊस नाही. सकाळी ढग यायचे, सिंहगडाच्या अंगाला टेकायचे आणि दुपारी नुसते पुसले जायचे. वारज्याच्या टेकडीवरचं गवत ऑगस्टमध्येच पिवळं पडायला लागलं. धरणात किती टक्के, हा लोकांचा नमस्कार-चमत्काराचा विषय झाला. आणि त्या कोरड्या, लख्ख, न शोभणाऱ्या उन्हात मला घरात एक बदल जाणवला.

साबण बदलला होता.

निखिल एक हिरवा साबण वापरायचा, कडक वासाचा. तो गेल्यावर प्रज्ञानं तोच लावायला सुरुवात केली. आमच्या न्हाणीघरात दोन वर्षं तो वास तसाच टिकून होता. त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही, पण महिन्याच्या सामानात तो साबण मीच आणायचो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी न्हाणीघरात चंदनाचा वास होता. मी दारातच थांबलो.

प्रज्ञानं मला सांगितलं होतं की एल निनो आधी वर दिसत नाही. पृष्ठभाग थंडच असतो, नकाशा निळाच असतो. पण खाली, शंभर-दीडशे मीटरवर, गरम पाण्याची एक लाट पश्चिमेकडून निघालेली असते. महासागर ओलांडायला तिला दोनेक महिने लागतात. वर जहाजातून जाणाऱ्याला काही कळत नाही. कळतं ते फक्त खोलवर सोडलेल्या यंत्रांना.

मला त्या साबणावरून कळलं. नंतर मग दुसऱ्याही गोष्टी दिसायला लागल्या. ती पोळी लाटताना गुणगुणायची. तिला झोप लागायला लागली. रविवारी आठ वाजले तरी दार बंद असायचं. ठेचा मागून घ्यायची. फोनवर बोलताना बाल्कनीत जायची, आणि आत येताना चेहऱ्यावर उरलेलं हसू दारात पुसून यायची. आमच्यासाठी पुसायची. ते पाहून मला कुणी चिमटा काढल्यासारखं व्हायचं.

शोभाला मी काही बोललो नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी प्रज्ञा आणि मी टेकडीवर फिरायला गेलो होतो. खाली हमरस्त्याची घरघर, वर मोरांचं ओरडणं. मी चालता चालता तिला विचारलं, आणि शपथेवर सांगतो की मी फक्त समुद्राबद्दलच विचारत होतो, "पेरूकडे पाणी चढतं हे समजलं. पण ज्यांच्याकडचं जातं त्यांचं काय होतं?"

ती म्हणाली, "तिकडे बेटं आहेत. बेटांभोवती उथळ पाण्यात प्रवाळ असतं. पातळी वीस-तीस सेंटिमीटर उतरली की ओहोटीला ते उघडं पडतं. उन्हात मरतं. कुजल्याचा वास सुटतो. तिथल्या एका भाषेत त्या ओहोटीला वासावरूनच नाव आहे."

"मग?"

"मग वारा परत सुरू होतो, पाणी येतं. जे मेलं ते मेलेलंच असतं. काही वर्षांनी नवीन धरतं." ती थांबली. "बाबा, मला तुम्हांला एक सांगायचंय."

"नाव काय त्याचं?" मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. आश्चर्य नव्हतं, सुटका होती. तिथल्या एका दगडावर ती बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"सुहास. कोचीला असतो. किनाऱ्यावरची पातळी मोजायची उपकरणं तो बघतो. त्याचे आकडे माझ्याकडे येतात. दोन वर्षं आम्ही फक्त आकड्यांवरच भांडत होतो."

"कुणाचे बरोबर निघायचे?"

"बहुतेक त्याचे," ती म्हणाली आणि हसली. मग ते हसू पुसायला निघाली, तेव्हा मी म्हटलं, "राहू दे."

ती रडायला लागली. मी शेजारी उभा राहिलो. सुनेच्या पाठीवर हात ठेवावा का, हे मला या वयातही नक्की कळत नाही. मी ठेवला.

"त्याला त्या वेळचं सांगितलंस?"

"सगळं. तो ऐकून घेतो. कधीकधी तोच विचारतो." तिनं डोळे पुसले. "बाबा, तुम्ही दोघं नको म्हणालात तर मी जाणार नाही. तोंडदेखलं नाही सांगत. खरंच नाही जाणार. मी इथंही बरी आहे."

मी माणसांचे आकडे तपासत नाही, पण खरा आकडा मला समजतो. ती खरं बोलत होती. मी एक शब्द उच्चारला असता तर ती राहिली असती, कुठलीही कुरकुर न करता, आणि तिनं पुन्हा हिरवा साबण लावला असता. आमच्या म्हातारपणी तिनं आमच्या औषधांच्या वेळा पाळल्या असत्या. स्वयंपाकघरात संध्याकाळी निखिलचं नाव ऐकू आलं असतं, आणि मी पान न उलटता ऐकत बसलो असतो. हे सगळं त्या एका शब्दापलीकडे तयार होतं.

टेकडीवरून खडकवासल्याच्या बाजूचं आकाश दिसत होतं. नुसतं निळं.

"आईला मी सांगतो," मी म्हटलं.

शोभाला सांगितलं तेव्हा ती पोह्यांना फोडणी देत होती. तिनं गॅस बंद केला.

"तिले जाऊ द्या म्हनून राहिले तुम्ही?"

"ती तीस वर्षांची आहे, शोभा."

"मले नका सांगू वय. तिच्या वाढदिवसाचा शिरा मी करते." मग तिचा आवाज फाटला. "तुम्हाले समजून राहिलं का? ती गेली की या घरात निखिलचं नाव कोन घेईन? तुम्ही घेत नाही. दोन वर्षांत एकदा नाही घेतलं. आम्ही दोघी होतो. आता मी भिंतीसंगं बोलू?"

ती म्हणाली ते खरं होतं. मी 'तो' म्हणतो, 'आपला' म्हणतो, 'त्या वेळी' म्हणतो. नाव माझ्या तोंडातून निघत नाही.

कारखान्यात आमची एक पद्धत आहे. मशीनवरून उतरलेला नग लगेच मोजायचा नाही. तो गरम असतो, आणि गरम लोखंड फुगलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण माप चुकतं. वीस अंशांवर ठेवलेल्या खोलीत, ग्रॅनाइटच्या पाटावर तो नुसता ठेवून द्यायचा. खोलीचं तापमान त्याच्या अंगात मुरलं की मग माप घ्यायचं. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो. प्रज्ञाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "समुद्राचंही तेच, बाबा. तापला की फुगतो. पातळी वाढायचं एक मोठं कारण तेच आहे."

तिच्या जाण्याचं ठरल्यावर मला ही पद्धत सारखी आठवायची. ती दोन वर्षं आमच्या घराचं जे माप आम्ही धरलं होतं, ते गरम नगाचं माप होतं. ती आमच्यात राहते, आमच्याबरोबर जेवते, आमची लेक आहे, हीच आमची पातळी असं आम्ही समजून बसलो. पण ते पाणी काठाशी उंच साचलं होतं, कारण वारा वाहत होता. तो वारा म्हणजे तिचं दुःख होतं. तेच तिला आमच्या काठाला लावून धरत होतं, रोज, न थांबता. आणि आम्ही रोज काय मागत होतो? शोभा विहारात डोळे मिटून काय मागायची? पोरीचं दुःख हलकं होऊ दे. ते हलकं झालं. पाणी निघालं.

आम्ही जे मागितलं होतं तेच आम्हांला मिळालं, हे समजायला मला फार दिवस लागले.

सप्टेंबरमध्ये थोडा पाऊस झाला. गणपतीत तर चांगलाच झाला. लोक म्हणाले, वर्ष निभावलं. शोभा प्रज्ञाशी कामापुरतं बोलायची. डबा भरून ठेवायची, पण तो हातात द्यायची नाही. प्रज्ञा तो उचलायची आणि रोज म्हणायची, "येते, आई." तिनं हे एकही दिवस चुकवलं नाही, आणि शोभानं उत्तर एकही दिवस दिलं नाही. हिवाळाभर हे चाललं. मधे बसून मी दोघींना मीठ-लोणचं वाढायचो.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात लग्न झालं. एल निनो तेव्हा ओसरत आला होता. वारज्यातल्याच विहारात, मोजक्या माणसांत. मुलगी पांढऱ्या साडीत, मुलगा पांढऱ्या सदऱ्यात. सुहास उंच, सावळा, जरा वाकून बोलणारा. त्यानं माझ्या पायाला हात लावला तेव्हा त्याच्या मनगटावर मिठाच्या पाण्यानं होतात तसे पांढुरके चट्टे दिसले.

भन्तेजींनी वधूच्या आईवडिलांना पुढे यायला सांगितलं. प्रज्ञाचे अण्णा उठलेच नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही उभे राहा. मी एकदा दिलेली आहे." मी म्हटलं, "मग ती अर्धी तुमची, अर्धी आमची. चौघं उभे राहू." तेवढ्यात पाहिलं तर शोभा आधीच पुढे गेली होती. प्रज्ञाच्या साडीची निरी एका बाजूला सुटत होती, ती खाली बसून नीट करत होती. साडीला इस्त्री तिनंच केली होती, पहाटे उठून, कुणाला न सांगता. निरी खोचून झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, "जाय. नीट राहाय." इतक्या महिन्यांत कामापलीकडे शोभा तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्रिशरण झालं, पंचशील झालं, प्रतिज्ञा झाल्या. आम्ही फुलं टाकली. उन्हानं ती हातातच मलूल झाली होती.

ती गेल्यावर घर रिकामं झालं असं लिहिणं सोपं आहे. तसं झालं नाही. घरात सगळं होतं. दूधवाला यायचा, काकूंचा टोमणा यायचा. फक्त आवाजाची पातळी उतरली. पूर्वी पाण्याखाली असायच्या अशा वस्तू उघड्या पडल्या. निखिलची खोली, तिथला कपाटाचा एक रिकामा खण, गच्चीवरची ती दोघं बसायची ती कठड्याजवळची जागा. दोन वर्षं या गोष्टींवर प्रज्ञाच्या असण्याचं पाणी होतं. आता त्या उन्हात आल्या. खऱ्या अर्थानं मुलगा गेला तो तेव्हा गेला, असं मला वाटतं. आधी तो गेला होता, पण त्याची बायको घरात होती. आणि ज्याची बायको संध्याकाळी घरी येते तो माणूस पुरता गेलेला नसतो.

सुरुवातीला तिचा फोन रोज यायचा. मग दर रविवारी. मग सणावारी. मी याची नोंद ठेवत नाही, पण मनात नोंद होतेच, सवय आहे. तिथला समुद्र घरापासून दहा मिनिटांवर आहे म्हणते. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. फोटोत ती मुलगी सुहाससारखी वाकून बघते.

एकदा प्रज्ञानं मला एक गोष्ट सांगितली होती. एल निनोच्या उलट ऋतू असतो तो ला निना. असाच एक जोरदार ला निना आला तेव्हा साऱ्या जगाच्या समुद्राची सरासरी पातळी काही मिलिमीटर खाली गेली. एरवी ती वर्षागणिक वाढत चाललेली, ती अचानक उतरली. लोकांना वाटलं, मोजण्यात चूक आहे. शोधलं तेव्हा कळलं की पाणी हरवलं नव्हतं. ते पाऊस होऊन जमिनीवर पडलं होतं, कोरड्या प्रदेशांत, जिथे ते कित्येक महिने साठून राहिलं. समुद्रात कमी पडलेलं पाणी कुठेतरी कुणाच्या तरी मातीत होतं. मी हे शोभाला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "समजलं मले. पण मी मातीत नाही, मी समुद्रात आहो."

यंदाचा मे महिना आला. आमच्याकडे मे महिन्यात एक दिवस असा असतो की त्या दिवशी शोभा सकाळपासून फोन चार्जिंगला लावून ठेवते. प्रज्ञा कोचीला गेल्यापासूनही त्या दिवशीचा तिचा फोन कधी चुकला नव्हता. फार बोलणं व्हायचं नाही. ती म्हणायची, "आई, मी आहे," आणि शोभा म्हणायची, "हो माय," आणि दोघी नुसत्या फोन धरून राहायच्या. यंदा दुपार झाली, संध्याकाळ झाली. शोभा विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली. आल्यावर तिनं फोन उचलून पाहिला आणि पालथा ठेवला.

मी म्हटलं, "आपण करू का?"

"नको."

"लहान पोर आहे घरात. राहून गेलं असेल."

"हो," ती म्हणाली. "राहून गेलं."

तिचा फोन आठवड्यानं आला. बाळाला खोकला झाला होता आणि तिथले डॉक्टर नुसती वाफ द्या म्हणत होते. शोभानं तिला ओवा तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून, छातीला कसा शेकायचा ते सांगितलं. किती गरम, हे आधी आपल्या मनगटावर बघायचं, तेही सांगितलं. मी समोर बसलो होतो. पलीकडून प्रज्ञाचा आवाज ऐकू येत होता. घाईतला, काळजीतला, आणि आतून सुखी. असा आवाज लपत नाही. शोभानं सगळं सांगितलं, बाळाला फोनवरून दोन मुके दिले, जावयाची चौकशी केली. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही. शेवटी पलीकडून प्रज्ञा म्हणाली, "आई, तुम्ही दोघं बरे आहात ना?" शोभा म्हणाली, "मस्त आहो."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो नाही. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत होता.

त्या दिवशी जेवायला कारल्याची भाजी होती. कांदा, शेंगदाण्याचं कूट, वर थोडा गूळ. शोभानं माझ्या ताटात वाढली, तिच्या ताटात वाढली आणि बसली. दोघांनी पहिला घास घेतला. तिचे डोळे लाल होते, आणि ती जेवणाकडे बघत नव्हती. माझ्या शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघत होती.

मी घास गिळला.

"निखिलनं ताट सरकवलं असतं," मी म्हटलं.

शोभाच्या हातातली पोळी तशीच राहिली. ते नाव माझ्या तोंडून निघाल्याला पाच वर्षं झाली होती.

"मीठ लावून, पिळून ठेवलं तरी नाही खायचा," ती म्हणाली.

"नाही खायचा."

"अंडं मागायचा फोडून."

"निखिल दोन मागायचा," मी म्हटलं. आणि मग आम्ही जेवलो.